बादलीतला हात

...न्हाई, तुमीच सांगा मला, मूर्ती घडवायला शिकवणाऱ्या बाईनं रोज अकराच्या ठोक्याला तीस माणसं भिंतीला टेकवून फोटो काढत बसायचं म्हणजे काय? कैदी हायेत का ते? अन् हजेरीचा फोटो बी साधा चालत न्हाई! मागचा बोर्ड दिसला पाहिजे, बोर्डावरची तारीख दिसली पाहिजे, हरेकाचं तोंड दिसलं पाहिजे, डोळे उघडे पाहिजेत... आता आमच्यातल्या प्रेमसिंगचे डोळे जन्मापासूनच बारीक! ते मोबाइल म्हणून राहिलं 'डोळे उघडा, डोळे उघडा', अन् प्रेमसिंग म्हणून राहिला, "उघडेच हायेत बाप्पा, आता काय हातानं फाकवू?" दहा मिनिटं गेली! अन् तिकडं टेबलावर बादलीत कालवलेलं प्लास्टर. ते थांबतं व्हय कोणासाठी? न्हाई थांबत! दगड झाला त्याचा, दगड! अन् मही भाची सपना, ती त्या दगडाकडं पाहत उभी, हातात पळी घेऊन, कढी नासल्यावर बाई उभी राहती तशी.

किळस आली मला तुम्हाला सांगतो, त्या सगळ्या कारभाराची किळस!

आता तुमी म्हणसाल, जळबा, तू वसमतच्या मोंढ्यातला मापाडी, हळदीचे कट्टे, पोते मोजणारा माणूस, तू त्या मूर्तिकलेच्या वर्गात काय करू राहिला होता? व्हय, बराबर इचारलं. त्याचं असं झालं, बॅचला तीस माणसं पाहिजेत. तीस म्हणजे तीस, न्हाई तर बॅच रद्द. भरली एकोणतीस. सपना घरी आली, म्हणली, "मामा, तुमी नाव द्या." म्या म्हणलो, "पोरी, मी बावन्न वर्षांचा, मला आता मूर्ती शिकून काय अवतार घ्यायचा हाय?" तर म्हणली, "नुसतं बसा मामा, मोंढ्यात तशी बी हळद यायला दोन महिने हायेत." बसलो! तीन महिने बसलो! म्हणून तर सांगून राहिलो ना, ऐकीव न्हाई हे, डोळ्यानं पाहिलेलं हाय.

अन् पोरगी काय साधीसुधी हाय का? मह्या थोरल्या बहिणीची, पद्माअक्काची एकुलती एक. पाच वर्षं संभाजीनगरला राहून शिल्पकला शिकली. नवऱ्यामागं अक्कानं हळदीच्या ढोलावर कामं करकरून शिकवली तिला. ढोल म्हणजे हळदीला चकाकी आणायचं पिंप असतं, ते फिरतं अन् सगळा पिवळा धुरळा माणसाच्या तोंडावर. अक्काच्या कपाळाच्या आठ्यांत जी हळद बसली ती बसली, साबणानं घासली तरी जात न्हाई. तर ही पोरगी शिकून आली, तीन वर्षं नुसते बोर्ड रंगवले, कोणाच्या गणपतीला हात लावून दिले, स्वतःचं म्हणून काही केलं न्हाई. मग एका संस्थेत ही तीन महिन्यांची शिकवायची नोकरी लागली. म्हणली, मामा, निदान माती तर हातात राहील.

माती हातात राहायला वेळ तर पाहिजे!

वर्गाचं नाव काय, तर 'मूर्तिकला व उद्योजकता'. सकाळी दहा ते एक मूर्तिकला सपनाची, दुपारी दोन ते पाच उद्योजकता प्रमोद सरांची. आता कागदावर हे लई चांगलं दिसतं. पण उद्योजकता कधी कलेच्या तासात घुसंल याचा नेम न्हाई, अन् कला उद्योजकतेच्या तासात? नावच घेऊ नका. हे प्रमोद सर हिंगोलीहून यायचे, उन्हातान्हात कोट घालून, गळ्यात पट्टा, पट्ट्याला स्वतःचाच फोटो. अन् बोलणं कसं? "मित्रांनो! तुम्ही माती विकत नाही आहात. तुम्ही एक भावना विकत आहात!" आमच्यातली शिवकन्या, हट्टा गावची पोरगी, वीस वर्षांची, बापाचा भाजीचा गाडा, ती हात वर करून इचारती, "सर, भावना किलोवर का नगावर?" आमी सगळे हसलो. सर न्हाई हसले! सरांनी फळ्यावर लिहिलं, 'प्रायसिंग'. खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी म्हणतेत, "समजा, तुम्ही लिफ्टमध्ये आहात आणि एक मोठा माणूस भेटला. तीस सेकंदांत स्वतःला कसं विकाल?" प्रेमसिंग उठला. साखऱ्याकडच्या तांड्यावरचा माणूस, इथं लेकीकडं राहून शिकायला येत होता. म्हणला, "सर, आमच्याकडं लिफ्ट न्हाई, येष्टी हाय. तीस सेकंदात तिच्यात पाय ठेवायला जागा भेटली तरी आमी मोठे." सर म्हणले, "व्हेरी गुड, हीच सकारात्मकता!" काय बोलावं! भिंतीवर डोकं आपटावं का माणसानं?

अन् हे कव्हा? सकाळी साडेअकराला! सपनाच्या तासात! सपनानं नुकतंच प्लास्टर कालवलेलं. तुम्हाला ते माहीत न्हाई म्हणून सांगतो. पाण्यात ते पांढरं पीठ भुरभुरायचं, गडबड न्हाई करायची, त्याला साय धरू द्यायची, मग बुडातून हलवायचं. अन् तितून पुढं दहा मिनिटं. दहाच! त्या दहा मिनिटांत जे करायचं ते करा, मग ते गरम होतं अन् बसतं. सर दारात येऊन म्हणायचे, "मॅडम, दोनच मिनिटं घेतो." त्यांची दोन मिनिटं पाऊण तासाची! प्लास्टर थांबतं व्हय कोणासाठी? न्हाई थांबत! पहिल्या महिन्यात सात बादल्या दगड झाल्या. एक तर आमी दाराला अडसर म्हणून लावली, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. म्या म्हणलो, पोरी, हीच आपली पहिली मूर्ती. हसली न्हाई ती.

अन् निस्तं सरांचं काय घेऊन बसलात? वर्गाचा हॉल कोणाच्या बापाचा रिकामा असतो का आपल्याकडं! एक दिवस साखरपुडा. मंडपवाले आले, ओली माती झाकून ठेवलेली फळी उचलली, तिच्यावर भाताचं पातेलं ठेवलं. एक दिवस लसीकरण. एक दिवस कोण्या कार्यकर्त्याचा वाढदिवस, त्यानं केक कापला अन् केकाची सुरी आमच्या मातीत खुपसून ठेवली... शी! क्रीम निघता निघंना त्या मातीतून, अन् मग मुंग्या! शिवकन्या बिचारी गौतम बुद्धाचं डोकं करून राहिली होती, त्याच्या कानात मुंग्यांची रांग. सपना एक एक मुंगी फुंकून काढू राहिली अन् तोंडानं शिकवू राहिली, "कानाची पाळी लांब घ्या, पण लोंबल्यासारखी न्हाई..." काय म्हणावं त्या सबुरीला!

पण त्याच सबुरीनं ती रोज सकाळी सात वाजता हॉलवर जायची. वर्ग भरायच्या आधी तीन तास, आपल्या आईला समोर स्टुलावर बसवून तिचं डोकं मातीत करायची. सहा आठवडे! अक्का कसली बसती गुमान? मांडीत लसूण घेऊन सोलत बसायची, म्हणायची, "हालू नको म्हणती, पण हात रिकामे ठेवून मला बसता येत न्हाई." मुंबईला एक मोठं प्रदर्शन होतं, तिथं पाठवायचं होतं ते डोकं. निवडलं गेलं तर सहा महिने तिथं राहून काम करायला जागा, सगळं साहित्य त्याहिचं. सोमवारच्या आत फोटो अन् माप पाठवायचं होतं, पण मातीचं न्हाई चालत, पक्कं पाहिजे, प्लास्टरचं.

म्या पाहिलं ना ते एक दिवस. लवकर गेलो होतो. ओलं फडकं काढलं तिनं, अन्... आता मी काय कलेतला माणूस न्हाई. कट्ट्याचं वजन सांगा, हातानं उचलून सांगतो. पण ते तोंड पाहिलं अन् वळखलं म्या. दाजी गेले त्या दिवशी सगळे आत रडू राहिले होते अन् अक्का बाहेर ओट्यावर बसून आलेल्या माणसांच्या चपला सरळ लावू राहिली होती. ते तोंड होतं ते! रडू आलेलं न्हाई, रडू परतून लावलेलं. म्या इचारलं, "पोरी, तव्हा तू सहा वर्षांची होतीस, तुला कसं काय याद हाय?" ती म्हणली, "मला याद न्हाई मामा. आई लसूण सोलताना अजून बी तशीच दिसती."

शुक्रवारी साचा घ्यायचा ठरला. वर्गासमोरच, म्हणजे सगळ्याला शिकायला बी भेटंल. सपनानं आदल्या दिवशीच समजावून सांगितलं होतं. म्हणली, हा साचा एकदाच होतो. मातीवर प्लास्टरचे दोन थर चढवायचे, साचा उघडून आतली माती खरवडून काढायची, म्हणजे माती गेली. मग त्या पोकळीत प्लास्टर भरायचं, अन् वरचा साचा छिन्नीनं फोडायचा, म्हणजे आत पक्कं डोकं. दुसऱ्यांदा करायला मूळ माती उरतच न्हाई. अन् पहिल्या थरात हळद घालायची! मीच नेली होती मूठभर मोंढ्यातून. काहून? तर शेवटी साचा फोडताना पिवळं दिसायला लागलं की समजायचं, आता हळू, तोंड जवळ आलं.

दारावर तिनं स्वतःच्या हातानं पाटी लावली. 'काम चालू आहे. दहा ते एक कृपया आत येऊ नये.'

प्रमोद सरांनी ती पाटी वाचली. पूर्ण वाचली! अन् आत आले. म्हणले, "मॅडम, अक्षर सुंदर आहे. फक्त मेसेज निगेटिव्ह जातोय. आणि एक गुड न्यूज! संस्थेचे अध्यक्ष येतायत, रामप्रसादजी. पाच मिनिटांत."

तव्हा पहिला पिवळा थर चढून झाला होता. अक्काचं डोकं पिवळंधमक, पापडासारखं पातळ कवच. ते तिपाईवर मधोमध. अन् दुसऱ्या जाड थरासाठी सपनानं छोटी बादली आत्ताच कालवली होती. साय धरली होती. सपना म्हणली, "सर, दहा मिनिटं द्या. निस्ते दहा. मग अध्यक्षांना काय पाहिजे ते दाखवते." सर म्हणले, "मॅडम, हाच तर प्रॉब्लेम आहे कलाकारांचा. संधी दाराशी येते आणि तुमचे हात भरलेले असतात!" अन् मह्याकडं वळून म्हणले, "काका, एक चांगली खुर्ची आणा."

अन् मी गेलो! मला माहीत होतं, मला बादली धरून उभं केलं होतं पोरीनं, तिनं मला नजरेनं 'नका जाऊ' म्हणलं... अन् मी गेलो खुर्ची आणायला! तीस वर्षं मोंढ्यात 'खुर्ची आण' म्हणलं की आणायची सवय. थू मह्या सवयीवर!

परत आलो तव्हा अध्यक्ष आत. पांढरे कपडे, उजव्या मनगटात सोन्याचं कडं, करंगळीएवढं जाड, मागं चार माणसं, चौघांच्या हातात चार मोबाइल. "अरे वा वा, क्या बात है! ये क्या, हल्दी का कार्यक्रम है?" चौघे हसले. सपना बादली उचलाया गेली तर प्रमोद सरांनीच बादली उचलली, अध्यक्षांसमोर धरली. "साहेब, एक ॲक्शन फोटो होऊन जाऊ द्या. आपण स्वतः विद्यार्थ्यांसोबत काम करताना!" साहेबांनी बाही वर सारली अन् घातला की हात बादलीत, कड्यासकट, मनगटापर्यंत! प्लास्टर चिकटू नये म्हणून लावायचं तेल न्हाई, साबण न्हाई, काही न्हाई. "थंडा थंडा है!" फोटो झाला. "अजून एक साहेब, हसून." झाला. "आता व्हिडिओ."

सपना म्हणली, "साहेब, हात काढा आता."

इतक्यात साहेबांचा फोन वाजला. डाव्या हातानं कानाला लावला, "हां बोलो... न्हाई न्हाई, पंगत तीनशेचीच धरा... अरे मग बुंदी कमी करा की!" लग्नाचं चाललेलं! बुंदीवर आले, जिलेबीवर गेले, पुन्हा बुंदीवर आले... सपना म्हणली, "साहेब, हात!" प्रमोद सरांनी तोंडावर बोट ठेवलं, "शू! मॅडम, साहेब फोनवर आहेत." तिसऱ्यांदा तर ती ओरडलीच, "अहो, हात काढा बाहेर!" साहेबांनी तिच्याकडं पाहिलं, हसले, अन् फोनवरच्या माणसाला म्हणले, "एक मिनिट, इथं मॅडम रागवून राहिल्या." अन् मग सरांना म्हणतेत, "मस्त गरम गरम लग रहा है."

गरम! प्लास्टर थांबतं व्हय कोणासाठी? अध्यक्ष असो का आणखी कोणी, न्हाई थांबत!

साहेबांनी हात वढला. बादली आली हाताबरोबर! पुन्हा वढला. बादली पुन्हा आली! चेहरा बदलला, फोन खाली पडला, त्यातून कोणी तरी 'मग जिलेबी ठेवू का?' म्हणून राहिलं... "अरे जल रहा है! माय गं! काढा रे!" म्हणून साहेब नाचाया लागले, चौघे धरायला धावले, साहेबांनी हाताला झटका दिला, अन् ती पाच किलोची बादली अशी गरकन फिरली...

तिपाईवर. सरळ तिपाईवर.

आवाज बी मोठा आला न्हाई हो. पापड मोडतो ना, तितका. ते पिवळं कवच फुटलं अन् ओली माती तोंडावर खाली. मी खुर्ची धरून उभा. प्रेमसिंगनं डोक्यावरची टोपी काढली, अन् शिवकन्या खाली बसून ते पिवळे तुकडे गोळा कराया लागली, जसे काही जोडता येणार होते.

सपनानं पाहिलं. एकदाच पाहिलं खाली. मग म्हणली, "मामा, आरी आणा. साहेबाला खुर्चीवर बसवा." चला, खुर्चीचा उपेग तरी झाला! अर्धा तास लागला तुम्हाला सांगतो. बादली कापली, मग छिन्नी अन् लाकडी हातोडी घेऊन टक, टक, टक. साहेब डोळे मिटून पुटपुटू राहिले, प्रमोद सर रुमालानं साहेबाला वारा घालू राहिले. पोरगी वाकून एक एक कपचा उडवू राहिली. नंतर मला म्हणली, "मामा, एका वेळेला छिन्नीच्या बराबर खाली त्याची करंगळी होती. मनात येऊन गेलं." म्या म्हणलो, "मग?" म्हणली, "मग काय, छिन्नी सरकवली."

तीन तुकड्यांत फुटलं प्लास्टर. हात निघाला तो सोललेल्या कोंबडीसारखा, सगळे केस आतच राहिले. साहेब आता शिव्या देणार, नोकरी जाणार, असं आमाला वाटून राहिलं. पण साहेबांची नजर गेली त्या तुकड्यांच्या आत. कड्याची नक्षी, नखं, हातावरच्या रेषा, सगळं उमटलेलं! दुखणं इसरले अन् म्हणतेत, "अरे, ये तो मेरा हाथ है!" प्रमोद सर वारा घालायचं थांबले. म्हणले, "साहेब, हेच तर प्रॉडक्ट!"

एक वाजता अक्का डबा घेऊन आली. समोर फडक्यावर मातीचा गोळा, त्यात एक कान अन् अर्धं कपाळ शाबूत. सपना बाजूला बसून छिन्नी पुसू राहिली. मीच सांगितलं सगळं. अक्कानं ऐकून घेतलं, आधी इचारलं, "त्या माणसाला लई भाजलं न्हाई ना?" मग खाली बसली, तो कान बोटानं चाचपून पाहिला. पोरीच्या पाठीवरून हात फिरवला, म्हणली, "जाऊ दे बाई. तोंड काय, म्या रोज घेऊनच फिरते. पुन्यांदा बस म्हण, बसते."

कुठली बसती! सोमवार तर गेलाच, अन् त्याच आठवड्यात ढोल सुरू झाले, अक्का सकाळी सहालाच कामावर.

अन् साहेबांचा हात? ते तीन तुकडे जोडून त्यात प्लास्टर ओतून दिलं सपनानं. नको म्हणत होती. पण दुसरी बॅच मंजूर करायची तर साहेबांचीच सही, अन् शिवकन्या म्हणली, "मॅडम, हात तर हात, करू आपण. आमाला काम तर भेटंल." त्या पोरीच्या तोंडाकडं पाहून केला तिनं. सोनेरी रंग देऊन साहेबांच्या टेबलावर गेला. फोनवर बोलताना अर्धी मूठ उघडी राहिली होती ना, त्यामुळं तो हात असा आला... असा, काही तरी मागून राहिल्यासारखा! कोणाच्या ध्यानात आलं न्हाई. आलं असंल तरी बोलतं कोण?

पण तो पाहून तालुक्यातल्या हरेक मोठ्या माणसाला आपला हात पाहिजे झाला. सरपंच, आडते, पतसंस्थेवाले. आमचं प्रमाणपत्र आलं, त्यावर 'मूर्तिकला' खोडून छापलेलं, 'हस्तकला'! घ्या! आता हाताला तेल लावून, रीतसर. अन् गंमत पाहा, आता कोणी मधी येत न्हाई! मोठ्या माणसाचा हात बादलीत असला की दार बंद, फोन बंद, अकराचा फोटो बंद. प्रमोद सर स्वतः बाहेर उभे राहतेत, आल्यागेल्याला म्हणतेत, "शू! आत काम चालू आहे, प्लास्टर कुणासाठी थांबत नसतं." हे आता ते आमाला सांगून राहिले!

एकेकाचे दोन-दोन हात काढावे लागतेत, एक फुटला तर असावा म्हणून. उरलेले सपना घरी आणून ठेवती. फळीवर हात, कपाटावर हात, उतरंडीच्या बाजूला हात. परवा गेलो होतो. अक्का ढोलावरून आलेली, पिवळी झालेली. पदर खोचला, मोरीत बसली, राख घेतली, एकदा त्या सगळ्या हातांकडं वर पाहिलं, अन् मला म्हणती, "जळबा, एवढे मोठमोठ्याचे हात घरात हायेत बग... अन् भांडे मलाच घासावे लागतेत."